रिसेप्शनच्या स्लाइडशोसाठी फोटोंचे गुणोत्तर कोणते ठेवावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न गेल्या रविवारी कोल्हापुरात झाले. येत्या शनिवारी तिच्या सासरच्या मंडळींनी पुण्यात रिसेप्शन ठेवले असून तेथे दाखवायचा दहा-बारा मिनिटांचा स्लाइडशो मी करते आहे. निवडून १४० फोटो उरले आहेत. छायाचित्रकाराने दिलेले फोटो ६०००×४००० पिक्सेलचे, म्हणजे ३:२ गुणोत्तराचे आहेत. केळवणाचे आणि हळदीचे फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमधले, ४:३ चे आणि बहुतेक उभे आहेत. शिवाय आजी-आजोबांच्या लग्नातले तीन कृष्णधवल फोटो आहेत, ते अगदी चौकोनी.

पडदा १६:९ चा असेल असे धरून मी सगळे फोटो त्याच मापात कापून पाहिले. सप्तपदीच्या फोटोत बहिणीच्या पायाचा अंगठा ज्या तांदळाच्या राशीवर टेकला आहे ती रासच खालून गेली, आणि ती वाचवायला चौकट खाली सरकवली तर मुंडावळ्या कापल्या जातात. न कापता ठेवले तर प्रत्येक फोटोगणिक बाजूच्या काळ्या पट्ट्यांची रुंदी बदलते आणि सगळे विस्कळीत दिसते. यातून मार्ग काय?

प्रतिसाद १

आपण दोन निर्णय एकत्र बांधल्यामुळे ही अडचण आली आहे. व्हिडिओची चौकट पडद्याच्या मापाची असावी लागते. त्या चौकटीत बसणारा प्रत्येक फोटो मात्र त्याच मापाचा असण्याची काहीही गरज नाही. भिंतीवर वेगवेगळ्या आकारांच्या तसबिरी लावतो तसेच हे आहे.

आकडे मांडून पाहिले की नुकसान लक्षात येते. ६०००×४००० चा फोटो १६:९ मध्ये कापला तर उंची ३३७५ उरते, म्हणजे सुमारे १६ टक्के भाग जातो. मोबाइलच्या आडव्या ४:३ फोटोची तर २५ टक्के उंची जाते. कॅमेऱ्याच्या उभ्या फोटोची अवस्था सर्वांत वाईट: त्याचा जेमतेम ३७ टक्के भाग हाती लागतो. नऊवारी नेसून उभी असलेली नवरी त्यात कमरेपर्यंतही मावणार नाही.

न कापता १९२०×१०८० च्या चौकटीत ठेवल्यास ३:२ चा आडवा फोटो १६२० पिक्सेल रुंद बसतो आणि दोन्ही बाजूंना १५० पिक्सेल मोकळे राहतात. ४:३ चा १४४० बसतो आणि २४० राहतात. हा फरक डोळ्यांना खुपतो तो मुख्यतः पार्श्वभूमी काळीभोर असल्यामुळे. त्याऐवजी सर्व फोटोंमागे गडद करड्या किंवा गडद मरून रंगाचा एकच सपाट कागद असल्याप्रमाणे पार्श्वभूमी ठेवा आणि फोटोची उंची १०८० ऐवजी ९८० करा, म्हणजे चारही बाजूंनी मोकळी जागा सुटते आणि ती मुद्दाम ठेवलेली दिसते. त्याच फोटोची धूसर, मोठी प्रत मागे लावण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. मला ती लग्नाच्या फोटोंना शोभत नाही असे वाटते, कारण झेंडूच्या माळा आणि दिव्यांचे मोठे डाग बनून मागे तरंगत राहतात आणि चेहऱ्यावरून नजर हटते.

उभे फोटो जोडीने लावा. मोबाइलचे दोन उभे फोटो ९८० उंचीला प्रत्येकी ७३५ रुंद होतात, म्हणजे मध्ये जागा सोडूनही सहज मावतात. जोडी मात्र एकाच प्रसंगाची आणि एकाच उजेडातली असावी: हळद लावणारी काकू आणि हळद लावून घेणारी बहीण, अशी.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षे लग्नाचे फोटो काढतो. वरील मत बहुतांशी पटते, परंतु काहीही कापायचे नाही हा नियम केला तर दहा मिनिटांत कार्यक्रम निर्जीव होईल. मंडपाचा दुरून घेतलेला फोटो, पंगत, वरात, रुखवताचे मेज यांत वर छत आणि खाली सतरंजी भरपूर असते. तेथील १६ टक्के गेले तरी कोणाला कळणार नाही आणि फोटो पूर्ण पडदा व्यापतो तेव्हा त्याचा भव्यपणा जाणवतो. असे वीसेक फोटो निवडून तेवढेच कापावेत आणि प्रत्येक विधीच्या सुरुवातीला एक याप्रमाणे पेरावेत. सप्तपदी, कन्यादान, कानपिळी, अंतरपाट धरलेला क्षण यांना कात्री लावू नये. अंतरपाटाच्या फोटोत तर दोन्ही कडांना उभे असलेले मामा आणि वर उडालेल्या अक्षता, दोन्ही राहायला हवे.

आजी-आजोबांच्या फोटोंविषयी कळकळीने सांगतो: त्यांचा चौकोन मोडू नका. १२० च्या रोलवर ६×६ सेंटिमीटरची निगेटिव्ह देणारे कॅमेरे त्या काळी लग्नात सर्रास वापरत, आणि फोटो काढणाऱ्याने चौकोन पाहूनच माणसे उभी केलेली असत. कडेची पांढरी किनारही ठेवा. मोबाइलने फोटोचा फोटो काढण्याऐवजी ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. सव्वादोन इंचांचा लहान प्रिंट असला तरी १३५० पिक्सेल मिळतात, पडद्याला ते पुरतात.

नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. नुसता फोटो म्हणून आला तर तो आकसून येतो, आणि मग जोडीतला एक स्पष्ट व एक पुसट दिसतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण पडदा १६:९ चा आहे हे आपण गृहीत धरले आहे आणि माझी सर्वांत मोठी चूक तीच होती. भाच्याच्या रिसेप्शनला मी १९२०×१०८० चा व्हिडिओ नेला. तेथील एलईडी वॉल १२ फूट रुंद आणि ८ फूट उंच, म्हणजे ३:२ ची निघाली. ऑपरेटरने व्हिडिओ ताणून भिंत भरली. त्या रुंदीला १६:९ च्या चित्राची उंची पावणेसात फूट हवी होती, ती आठ फूट झाली आणि सगळ्यांचे चेहरे लांबुळके दिसू लागले. माझ्या ताईने ते पाहून मान खाली घातली. मला ते अजून आठवते.

एलईडी वॉल लहान पॅनल जोडून उभारतात, त्यामुळे तिचे गुणोत्तर कार्यालय किंवा डेकोरेटर ठरवील ते असते. आजच फोन करून रुंदी आणि उंची फुटांत विचारा. साधा प्रोजेक्टर असेल तर तो १०२४×७६८ चा आहे की १२८०×८०० चा हे विचारा, कारण पहिला ४:३ आणि दुसरा १६:१० असतो. शक्य असल्यास आदल्या दिवशी तेथे एक चाचणी-चित्र लावून पाहा: मध्यभागी अचूक वर्तुळ आणि चारही कडांना बारीक रेघ. वर्तुळ अंडाकृती दिसले तर चित्र ताणले जात आहे, रेघ दिसली नाही तर कडा कापल्या जात आहेत.

फोटोंवर नावे लिहिणार असाल तर अक्षरे मोठी ठेवा. दिव्यांमध्ये ४ मिलिमीटर अंतर असलेल्या १२ फुटी भिंतीवर आडवे जेमतेम ९०० ठिपके असतात. लॅपटॉपवर सुबक दिसणारी बारीक अक्षरे तेथे वाचता येत नाहीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कार्यालयात फोन केला. भिंत खरोखरच १२ × ८ आहे. ऑपरेटरशीही बोलले. १९२०×१०८० च्या चौकटीत मधल्या १६२०×१०८० भागातच सर्व काही ठेवले, तर तेवढाच भाग निवडून तो पूर्ण भिंतीवर दाखवता येईल असे ते म्हणाले. म्हणजे छायाचित्रकाराचे आडवे फोटो एक पिक्सेलही न कापता भिंत भरतील आणि सप्तपदीची रास शाबूत राहील. मोबाइलचे उभे फोटो आता जोडीने लावते आहे. त्या अरुंद भागात ते ९८० उंचीला कडेपर्यंत येतात, म्हणून त्यांची उंची ९०० केली आहे. वर्तुळाचे चित्र शुक्रवारी संध्याकाळी लावून पाहणार आहे.