जोसी अँड द पुसीकॅट्स: कार्टूनने चांगल्या कॉमिकची माती केली

पानगळ:
हॅना-बार्बेरा या अमेरिकन कार्टून कंपनीने १९७० साली सीबीएस वाहिनीसाठी काढलेल्या या १६ भागांच्या कार्टूनने एका चांगल्या कॉमिकचा जीव घेतला, असं माझं ठाम मत आहे. डॅन डिकार्लो या चित्रकाराने बायकोच्या नावावरून जोसी उभी केली आणि १९६३ मध्ये तिचं स्वतंत्र कॉमिक निघालं. शाळा, मैत्रिणी, त्यांचे रुसवेफुगवे, एवढंच त्यात होतं आणि तेवढं पुरत होतं. तिची चष्मेवाली मैत्रीण पेपर एका वाक्यात समोरच्याला गप्प करायची. मग १९६८ ला आर्ची या दुसऱ्या कॉमिकचं कार्टून आलं, पुढच्या वर्षी त्यातल्या बँडचं गाणं 'शुगर, शुगर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सगळ्यांनाच बँड हवा झाला. जोसीचं कार्टून पडद्यावर यायच्या आधीच कॉमिकचं नाव बदललं, पेपरला बाजूला सारलं, मुलींचा बँड केला, त्यांना बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे, कान आणि शेपट्या चढवल्या. कार्टूनमध्ये तर दर भागात तेच: कार्यक्रमासाठी परगावी जायचं, जग काबीज करायला निघालेला खलनायक गाठ पडायचा, मग गाणं आणि पळापळ. त्याच कंपनीच्या स्कूबी-डू कार्टूनचा साचा जसाच्या तसा.

रेडिओवेडा:
असहमत. एवढं लिहिलंत आणि बँडमधल्या व्हॅलरीचं नावही नाही? अमेरिकेत शनिवारी सकाळी लागणाऱ्या कार्टूनमधली पहिली कृष्णवर्णीय नायिका ती. तेही सुखासुखी झालं नाही. बँडची गाणी गायला निवडलेल्या तिघींत पॅट्रिस हॉलोवे ही कृष्णवर्णीय गायिका होती. हॅना-बार्बेराला तिघीही गोऱ्याच हव्या होत्या. संगीताची बाजू सांभाळणारे डॅनी जॅन्सेन तिला काढायला तयार झाले नाहीत, अडून बसले, आणि शेवटी कंपनीलाच नमतं घ्यावं लागलं. शीर्षकगीत ऐका, पुढे येणारा आवाज पॅट्रिसचा आहे. शिवाय व्हॅलरी डफ वाजवून कोपऱ्यात उभी राहत नाही. तारा जोडून, यंत्र खोलून सगळ्यांना सोडवते तीच. १९७० मध्ये हे लहान मुलांच्या डोळ्यांसमोर आलं, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोठी आहे.

मुलुंडकर:
रेडिओवेडा यांना अनुमोदन. १६ भाग म्हणजे मालिका आपटली असंही समजू नका. तेव्हा एका हंगामासाठी साधारण तेवढेच भाग बनवायचे आणि वर्षभर फिरवून दाखवायचे. १९७२ मध्ये याच मंडळींना अवकाशात पाठवून आणखी १६ भाग काढले. ते मात्र अगदीच सुमार. बँडच्या लाटेमागे गाण्याचं यश होतंच, पण १९६८ नंतर मुलांच्या कार्टूनमधल्या मारधाडीविरुद्ध पालक उठले होते, त्यामुळे वाहिन्यांना गाणी आणि विनोद जास्त सोयीचे वाटू लागले, हेही धरा.

पानगळ:
व्हॅलरी मलाही आवडते, तिच्याबद्दल वाद नाही. पण तिला आणायला पेपरचा बळी कशाला? हुशार मुलीसाठी एकच खुर्ची असते का? व्हॅलरी आणि पेपर एकत्र असत्या तर काय संवाद झाले असते! त्याऐवजी बँडमधल्या मेलडीचं भाबडेपण ताणून ताणून वापरलं आणि अलेक्झांड्रा दर भागात जोसीवर जळफळत बसली.

रेडिओवेडा:
हा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण 'जीव घेतला' हे खरं नाही. नवं नाव घेऊन तेच कॉमिक १९८२ पर्यंत चाललं. कार्टून नसतं तर इतकं टिकलं असतं, असं मला वाटत नाही.

जुनी डायजेस्ट:
आमच्या वेळी लायब्ररीतून आर्चीची डायजेस्ट (कॉमिक गोष्टींचे छोटे संग्रह) आणायचो, त्यातल्या जोसीच्या गोष्टी आधी वाचून काढायचो. तुम्ही दोघं कॉमिक आणि कार्टूनवर भांडताय, मला राग वेगळ्याचाच येतो. जोसीवर २००१ चा चित्रपट निघायच्या सुमारास डिकार्लो या पात्रांच्या हक्कांसाठी कोर्टात गेले आणि हरले. त्याच वर्षी डिसेंबरात वारले. ज्याने बायकोचं नाव दिलं, त्याचाच हक्क नाही?

पानगळ:
यावर माझं नि रेडिओवेडा यांचं एकमत होईल. बाकी १९८२ पर्यंत नाव चाललं, हे मान्य. मला हवी ती जोसी मात्र १९६९ लाच संपली, आणि तिच्या जुन्या अंकांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हा धागा काढला. पेपरच्या गोष्टी कुणाकडे असतील तर इथे जरूर लिहा.