कोलोसियमच्या कमानींचं कौतुक करायचं की नाही?

ओळंबा: काल इथे कोलोसियमच्या, म्हणजे रोममधल्या त्या जुन्या खेळांच्या रिंगणाच्या, फोटोखाली कुणीतरी लिहिलंय, "हा कत्तलखाना आहे, याच्या कमानींचं कौतुक करणाऱ्यांनी डोकं तपासून घ्यावं." हे वाचून मला रात्री झोप नाही लागली. ३० वर्षं बांधकामाच्या साइटवर काढलीत मी. कोलोसियमपाशी उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा दिसले ते नंबर. खालच्या ८० कमानींपैकी ७६ वर रोमन आकडे कोरलेले, २३ ते ५४ अजून वाचता येतात, म्हणजे कुणी कुठल्या दारानं शिरायचं नि कुठला जिना धरायचा हे इ.स. ८० मध्येच ठरलेलं. याचं कौतुक नाही करायचं तर कशाचं करायचं?

अस्वस्थ: ती पोस्ट माझी. नंबर दिसले, पैसा कुठनं आला ते नाही दिसलं? येरुशलेमच्या लुटीतला पैसा आहे तो. उद्घाटनाला सम्राट टायटसनं १०० दिवस खेळ केले, त्यात ९,००० जनावरं मारली असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. आणि बसायला सिनेटर पुढे, बायका पार वर लाकडी बाकांवर.

पायपीट: अहो पण इमारतीचा काय दोष? इटलीतल्या व्हेरोनाच्या अरेनात, म्हणजे तसल्याच रोमन रिंगणात, १९१३ पासून ऑपेरा होतोय, आम्ही दोघं रात्री दगडाच्या पायरीवर बसून ऐकलाय.

अस्वस्थ: आणि फ्रान्समधल्या आर्लच्या अरेनात आजही बैल मारतात, तेही सांगा की.

गेटनंबरचार: नंबरांवरनं आठवलं. लहानपणी वडिलांबरोबर क्रिकेटची मॅच बघायला गेलो होतो. सुटल्यावर एकच गेट उघडं, बाकीच्यांना साखळ्या. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं म्हणून वाचलो, त्यांची चप्पल आणि चष्मा दोन्ही गेलं. अजून गर्दीत घाम फुटतो मला. दोन हजार वर्षांपूर्वी जे जमलं ते आपल्याला का जमत नाही?

मंडपवाला: गेटं बंद का ठेवतात ते आयोजकाला विचारा. उघडी ठेवली की फुकटे घुसतात, मारामाऱ्या होतात, नि शिव्या आम्ही खायच्या. घरी बसून बोलणं सोपं आहे.

गेटनंबरचार: तिकिटाच्या चार पैशांसाठी माणसं चेंगरायची? लाज वाटू द्या.

मंडपवाला: तोंड सांभाळून बोला. मी कुणाला चेंगरलेलं नाही, पंधरा वर्षं जत्रेचं काम बघतोय.

ओळंबा: भांडू नका, ऐका. इ.स. २७ मध्ये रोमजवळच्या फिडेनीला अटिलियस नावाच्या माणसानं लाकडी अँफीथिएटर, म्हणजे कोलोसियमसारखं रिंगण, उभं केलं, ना पाया धड, ना जोडकाम पक्कं. भरगच्च गर्दीत कोसळलं. मेलेले नि जखमी मिळून ५०,००० असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. त्यानंतर सिनेटनं ठरवलं की ४ लाख सेस्टर्सपेक्षा (रोमन नाणी) कमी मालमत्तावाल्यानं खेळ भरवायचे नाहीत, आणि जमीन तपासल्याशिवाय अँफीथिएटर बांधायचं नाही. अटिलियसला हद्दपार केलं. मंडपवाले, आयोजकावर जबाबदारी टाकली ती अशी.

मंडपवाला: बरं. जमीन तपासायचं पटलं. गेटचं नाही.

अस्वस्थ: बाहेर पडायच्या वाटांचं मी मान्य करते, चला. पण ओळंबा, टायटसनंतरच्या सम्राट डोमिशियननं कोलोसियमच्या रिंगणाखाली दोन मजली भुयारं करून घेतली ना, तिथे गुलाम चाकं फिरवून पिंजरे वर खेचायचे, झडप उघडली की बिचारं जनावर थेट उजेडात. तीही त्याच हुशार डोक्यांची कामगिरी. कमानींचा फोटो टाकाल तेव्हा या भुयाराचाही टाका.

ओळंबा: माझ्याकडे आहे तो फोटो. टाकायचा राहिला. आज रात्री टाकतो.