फसवणूक झाली तेव्हा पहिल्यांदा कोणाला सांगितलंत? डिजिटल पैशांचे आपले अनुभव

धागा सुरू करताना, नाशिक

माझे बाबा एसटीच्या डेपोत हिशेबाच्या टेबलावर होते. रोजची जमा पैशापर्यंत जुळल्याशिवाय खुर्चीवरून न उठणारा माणूस. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांना मेसेज आला: मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा. त्यांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने एक ॲप घ्यायला लावलं आणि ‘फक्त १० रुपये भरून बिल अपडेट करा’ म्हणाला. त्या ॲपमुळे बाबांच्या फोनची स्क्रीन त्याला दिसत होती. नेट बँकिंगमधून १ लाख ८२ हजार गेले.

बाबांनी हे आम्हाला अकरा दिवस सांगितलं नाही. जेवण कमी झालं होतं, रात्री गॅलरीत बसून राहायचे. बीपीची गोळी नुकतीच बदलली होती, आम्ही तिला दोष देत होतो. शेवटी मी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार लिहिली, पण तोवर पैसे पाच-सहा खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते.

पैसे गेल्याचं दुःख आता ओसरलंय. ते अकरा दिवस मात्र माझ्या मनातून जात नाहीत. चोरांना पासवर्ड लागतो हे खरं, पण त्याहून जास्त कामाला येते ती आपली लाज, कारण तेवढ्या वेळात पैसा लांब पोचतो. म्हणून इथे अनुभव मागतेय. आकडा लिहायलाच हवा असं नाही. कोणाला सांगितलंत आणि सांगायला किती वेळ लागला, ते जरूर लिहा. चांगले अनुभवही लिहा. नावं नकोत, ना बँकेचं ना माणसाचं.

संगणक अभियांत्रिकीचा माजी विद्यार्थी, पुणे

मी सांगायला दोन वर्षं लावली. हॉस्टेल सोडताना अभ्यासाचं टेबल विकायला जाहिरात टाकली. पाच मिनिटांत फोन: ‘सैन्यात आहे, बदली झालीय, आगाऊ पैसे पाठवतो.’ त्याने क्यूआर पाठवला, म्हणाला स्कॅन करून पिन टाका म्हणजे रक्कम जमा होईल. मी टाकला. ४,५०० गेले. ‘चुकून उलटं झालं, परत करतो’ म्हणाला, आणि मी पुन्हा टाकला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पेमेंट गेटवे कसा चालतो यावर मी सेमिनार दिला होता. पण तो माणूस बोलायचा थांबतच नव्हता, आणि वर्दीतल्या माणसावर शंका घ्यायला मन धजेना. मित्रांना टेबल विकलं म्हणून सांगितलं आणि ते गच्चीवर नेऊन ठेवलं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. ‘मंजूर करा म्हणजे पैसे येतील’ असं सांगून लुबाडणारे त्याच सोयीवर जगत होते, त्यामुळे निर्णय मला फार आवडला. क्यूआरचा सापळा मात्र अजून आहे.

भाजी विक्रेता, कराड

मी कुणाच्या बोलण्यात आलो नाही, तरी माझंच खातं बंद झालं. तेवढं सांगतो.

नोटबंदी झाली तेव्हा सुट्ट्या पैशावाचून आठ दिवस माल सडला होता. त्यामुळे क्यूआर आल्यावर मी लगेच लावला. सुट्ट्याची कटकट गेली, उधारी कमी झाली. मधे काही पोरं जुना स्क्रीनशॉट दाखवून जायची, तर बोलणारा डबा घेतला. पैसे आले की तो ओरडतो, हात चिखलाचे असले तरी फोन बघावा लागत नाही. धंदा निम्म्याहून जास्त त्याच्यावरच चालायला लागला.

गेल्या वर्षी पहाटे मार्केट यार्डात माल उचलला, आडत्याला पैसे पाठवायला गेलो तर जाईनात. बँकेत गेलो. साहेब म्हणाले, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आहे, तुमच्या खात्यात फसवणुकीचे पैसे आलेत. किती? तर ३२० रुपये. कोणीतरी माझ्याकडनं भाजी घेतली, आणि त्याच्या खात्यात आलेला पैसा चोरीचा होता. ३२० रुपयांसाठी माझे ६१ हजार अडकले. त्यात पोरीच्या कॉलेजची फी होती.

बँक म्हणे आमच्या हातात नाही, त्या पोलीस ठाण्याशी बोला. तिकडे फोन लागायचा नाही, लागला तर माझी हिंदी त्यांना कळायची नाही. दुकानाचे फोटो, त्या दिवसाच्या खरेदीच्या पावत्या, आधार, सगळं मेल केलं. ते पोरीनेच केलं. पाच आठवड्यांनी ३२० रुपये धरून ठेवले आणि बाकीचं मोकळं केलं.

त्या पाच आठवड्यांत ‘फक्त रोख’ अशी पाटी लावली होती. लोक विचारायचे काय झालं. मी सांगायचो डबा बिघडलाय. पोलिसांनी खातं बंद केलं म्हटल्यावर गिऱ्हाईक काय समजलं असतं? तुमच्या वडिलांनी अकरा दिवस का सांगितलं नाही ते मला कळतंय. आता रोज संध्याकाळी निम्मे पैसे बायकोच्या खात्यात टाकतो, आणि आडत्याचे दोन दिवसांचे पैसे रोख घरात असतात.

चहाची टपरी चालवणाऱ्याचा भाऊ, जालना

रात्रीतून कोणीतरी आमच्या क्यूआरवर दुसरा क्यूआर चिकटवला. दुपारपर्यंतचा गल्ला दुसऱ्याच्या खात्यात. भावाने पहिला फोन मलाच केला, दहा मिनिटांत. रोज शटर उघडल्यावर तो आता स्वतःच स्कॅन करून नाव बघतो.

सहकारी बँकेत कॅशियर, सांगली जिल्हा

कराडच्या दादांची अडचण अशी होते: १९३० वर तक्रार नोंदली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला, त्या सगळ्या बँकांना निरोप जातो आणि साखळीतली रक्कम धरून ठेवली जाते. वेळेत तक्रार झाली तर याच साखळीमुळे लोकांचे पैसे वाचतात. पण धरायची असते ती वादातली रक्कम. अख्खं खातं बांधून ठेवणं हा भाजीवाल्यावर अन्यायच आहे. काउंटरच्या या बाजूला बसून मला तो दिसतो.

आता माझा अनुभव. २०२४ च्या उन्हाळ्यात एक आजी मुदतठेव मोडायला आल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या खातेदार. साडेसहा लाख. कशासाठी, विचारलं तर ‘घराचं काम काढलंय’, एका दमात, पाठ केल्यासारखं. पदराखाली कानात वायर दिसली. मी स्लिपच्या मागे लिहिलं: ‘कानात कोणी बोलतंय का? असेल तर पेन खाली ठेवा.’ त्यांनी पेन खाली ठेवला.

मॅनेजरच्या केबिनमध्ये नेऊन फोन बंद केला, तशा त्या रडायला लागल्या. त्यांच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कोणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू, असं वर्दीतला एक जण व्हिडिओवर सांगत होता. दोन रात्री त्या कॅमेरा चालू ठेवून झोपल्या होत्या. मुलगा पलीकडच्या खोलीत होता.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तसं सांगितल्यावर काउंटरवर येऊन विचारणारे वाढले, हे मी पाहिलंय. तरी ज्याच्या कानात आवाज चालू आहे त्याला ते आठवत नाही. तिथे समोर माणूसच लागतो.

सगळा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकायचा हे मला पटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा चोरांनी एकाही खातेदाराला ओटीपी विचारला नव्हता. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसून त्यांनी परस्पर मंजुऱ्या दिल्या, बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले. एकूण ९४ कोटींच्या वर. तिथे सावध कोणी राहायचं होतं?

एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही असा अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी धावत या. आम्ही रागावणार नाही. कोणी रागावलं तर मॅनेजरकडे जा.

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, नंदुरबार

आमच्याकडे फोन हरवण्याची भीती नाही, अंगठ्याची आहे. आजीबाईंना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात येतात. बँक लांब, म्हणून गावात येणाऱ्या माणसाच्या मशीनवर आधार आणि अंगठा देऊन काढायचे. ‘अंगठा उमटला नाही, परत लावा’ म्हणून तो दोनदा लावून घ्यायचा आणि पैसे एकदाचेच द्यायचा. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे उमटला नसेल हे आजींनाही खरंच वाटायचं. मी तीन पासबुकं भरून आणली तेव्हा एकाच दिवसाच्या दोन-दोन नोंदी दिसल्या.

तिघींचीही एकच विनंती होती: ‘गुरुजी, त्याला काही बोलू नका, तो येणं बंद करेल.’ यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तक्रार केली, तो यायचा बंद झाला, आणि आता आजी भाड्याच्या जीपने तालुक्याला जातात. पावती घ्या, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, हे मी सांगतो. पण ज्या ॲपवरून लॉक करतात, ते माझ्या फोनवर आहे.

म्हापसा, गोवा

चांगला अनुभव लिहिते. आई शुक्रवारच्या बाजारात मिरच्या आणि कोकम घेऊन बसते. पूर्वी संध्याकाळी पैशांची पिशवी घरी आली की ज्याला लागेल तो हात घालायचा. आता निम्म्याहून अधिक पैसे थेट तिच्या खात्यात येतात आणि पिन तिच्याशिवाय कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. साठाव्या वर्षी तिने स्वतःच्या पैशांनी दातांवर उपचार करून घेतले. सुरक्षितता म्हटलं की मला हे आधी आठवतं.

नोकरीनिमित्त स्टॉकहोम, मूळ सोलापूर

इथे मी महिनोन्‌महिने नोट पाहत नाही. २०१२ पासून मोबाईलवर पैसे पाठवायची सोय आहे, बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत. जुलै २०२१ मध्ये एका मोठ्या किराणा साखळीला गल्ल्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ८०० दुकानं बंद झाली. मी दूध-ब्रेडसाठी रिकामी पिशवी घेऊन उभा होतो, आत माल दिसत होता. २०२४ मध्ये सरकारने घरोघरी पाठवलेल्या संकटकाळाच्या पुस्तिकेत आठवडाभर पुरेल एवढी रोकड घरी ठेवा असं छापलंय. कॅशलेसमध्ये जगाच्या इतक्या पुढे गेलेला देश हे सांगतोय. सोलापूरला फोन करून आईला म्हटलं, तुझा तांदळाचा डबा रिकामा करू नकोस.

पुन्हा नाशिक

हे सगळं काल रात्री बाबांना वाचून दाखवलं. पुढचं त्यांनी स्वतः टाइप केलंय.

“सांगलीच्या ताईंना नमस्कार. त्या दिवशी मी घरातल्या खुर्चीवरून उठलोही नाही. ते सगळं वीस मिनिटांत आटोपलं. एवढी रक्कम काढायला शाखेत जावं लागलं असतं, तर तुमच्यासारख्या कोणीतरी विचारलं असतं, साहेब, एवढे कशाला? माझ्या मुलीने विचारलं नाही, कारण मी तिला विचारू दिलं नाही. पलीकडचा मुलगा मला काका म्हणत होता. आवाज चांगला होता. पैसे गेल्याचं दिसल्यावर मी त्याच नंबरवर पुन्हा फोन केला होता. माझ्या माहितीत तेव्हा सांगण्यासारखा तेवढाच एक माणूस होता. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आता मोबाईलवरची मर्यादा ५ हजारांवर आणली आहे. दूध, भाजी, औषधं त्यात होतात. त्यापुढची रक्कम असली की शाखेत जातो. रांग असते. उभा राहतो.”