उंदरांचा उपास
"उंदीर दिवसाआड उपाशी राहून ठणठणीत, मग आपण का नको" असं काही जण म्हणतात, त्यात थोडी भर. अहो, एवढासा जीव तो, २४ तास खाणं बंद केलं तर वजन १० टक्क्यांच्या वर उतरतं, आपला एक दिवस आणि त्याचा एक दिवस सारखा कसा असेल? ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) संपलं की चरबी जाळून कीटोन (साखरेऐवजी वापरायचं इंधन) बनवणं आपल्यासारखंच, पण उंदीर त्याशिवाय टॉर्परमध्येही, म्हणजे शक्ती वाचवणाऱ्या गाढ सुस्तीतही जातो, अंग ३७ डिग्रीवरून ३१ च्या खाली गार, कोपऱ्यात गोळा होऊन पडलेला. दुसऱ्या दिवशी मात्र एकादशी अन् दुप्पट खाशी! मला अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सच्चिदानंद पांडा यांचा २०१२ चा उंदरांवरचा प्रयोग जास्त पटतो, कॅलरी तेवढ्याच पण रात्रीच्या ८ तासांतच (उंदीर निशाचर ना), तरी लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हर बरंच टळलं.