माणूस कळतो कशाने : संशोधनाने की अनुभवकथनाने?

धागाप्रवर्तक : माणसाचे वागणे समजून घ्यायचे असेल, तर व्यक्तिगत हकिकतींवर फारसे विसंबू नये, असे माझे मत आहे. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ३८ साक्षीदार नुसते बघत राहिले, अशी बातमी गाजली. प्रत्यक्षात बहुतेकांनी फक्त ओरडणे ऐकले होते, आणि एक शेजारीण तर खाली धावत जाऊन तिला कवेत घेऊन बसली होती. तरीही शहरी माणसाच्या कोडगेपणाचा दाखला म्हणून ही कथा कित्येक वर्षे सांगितली गेली.

प्रतिसाद १ : असहमत. त्याच सदोष कथेवरून डार्ली आणि लटाने या मानसशास्त्रज्ञांना प्रयोग सुचला, हे आपण गाळलेत. १९६८ च्या त्या प्रयोगात वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या विद्यार्थ्यांना इंटरकॉमवरून एका मुलाला अपस्माराचा झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटले, त्यांपैकी ८५ टक्के जण झटका ओसरण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत अशा समजुतीत असलेल्यांपैकी ३१ टक्केच. आता उरलेल्यांना निर्ढावलेले म्हणायचे का? संशोधक खोलीत आले तेव्हा त्यांतल्या अनेकांचे हात थरथरत होते आणि त्या मुलाकडे कोणी पाहते आहे ना, असे ते विचारत होते. टक्केवारीत हे कुठे बसवणार?

धागाप्रवर्तक : ते थरथरते हात संशोधकांनी तिथल्या तिथे टिपले होते. माझा आक्षेप मागाहून आठवून सांगण्याला आहे.

प्रतिसाद २ : मागाहूनचेच सांगते. एकदा जिन्यावर एक वृद्ध गृहस्थ कोसळले आणि मी जागची हलले नाही. कॅमेऱ्यात मी बघ्यांपैकी एक म्हणूनच दिसले असते. मी मात्र शेजारच्या माणसाचा चेहरा निरखत होते आणि तो शांत दिसला, म्हणून काही गंभीर नसावे असे समजले. नंतर बोलताना कळले, की तोही माझ्याच चेहऱ्याकडे बघून थांबला होता.

धागाप्रवर्तक : आपल्या प्रांजळपणाबद्दल शंका नाही. परंतु हे कारण त्या क्षणीच मनात होते, की आपण दोघांनी नंतर बोलता बोलता ते जुळवले, हे आपल्याला तरी खात्रीने सांगता येईल का?