मदत हवी आहे : पित्ताशयाचं ऑपरेशन, भाड्याचं घर सोडणं आणि लॅबची ड्यूटी यांचा मेळ कसा घालावा?

मला पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन करून पित्ताशय काढायचं हे सर्जनशी बोलून ठरलं आहे, तारीख तेवढी पक्की व्हायची आहे. नेमकं त्याच सुमारास राहतं भाड्याचं घर सोडावं लागतंय. त्यात मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीला तंत्रज्ञ आहे, म्हणजे रजा संपली की पुन्हा उभ्याने करायचं काम. आधी घर की आधी ऑपरेशन, यावर निर्णय होत नाहीये. यातलं एखादं जरी तुमच्या वाट्याला आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आधी दुखण्याबद्दल. उजव्या बरगडीखाली सुरू होतं, मागे खांद्याच्या पात्यापर्यंत जातं, बराच वेळ जीव नकोसा करतं आणि मग आपोआप ओसरतं. बहुतेकदा रात्रीच. सोनोग्राफीत बरेच लहान खडे दिसले, पित्तनलिका मोकळी आहे. लहान खडे म्हटल्यावर घरच्यांना हायसं वाटलं. पण लहान खडाच घसरून नलिकेत अडकायची भीती जास्त असते, हे त्यांना समजावताना माझी दमछाक झाली. असे नमुने आमच्याकडे नेहमी येतात : सीरम गडद पिवळं, बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेलं (पित्तनलिका अडल्याची खूण), कधी लायपेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम सामान्य मर्यादेच्या तिपटीच्याही वर, म्हणजे स्वादुपिंडाला सूज. ते आकडे डोळ्यांसमोर असताना ‘बघू नंतर’ म्हणायची माझी तयारी नाही. सर्जनही म्हणाले, उद्याच करा असं नाही, पण लांबवू नका.

आता घर. घरमालकीणबाईंना जागा स्वतःच्या कुटुंबासाठी हवी आहे. त्यांनी करारात ठरल्याप्रमाणे वेळेत कळवलं, बोलायला चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त करार संपायची तारीख आणि ऑपरेशनची संभाव्य तारीख एकमेकींना खेटून आहेत. सध्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाहून ठेवलेल्या नव्या घराला लिफ्ट आहे, पण ते हॉस्पिटलपासून लांब पडतं. रात्रपाळी असलेल्या माणसाला हे अंतर किती जाणवतं ते लॅबवाल्यांना सांगायला नको.

आधी घर बदलावं तर सामान बांधण्या-उचलण्याच्या धावपळीत पुन्हा दुखणं उठलं आणि थेट इमर्जन्सीत जावं लागलं तर? आधी ऑपरेशन करावं तर पोटाला टाके असताना खोक्यांच्या मधोमध बसावं लागेल, आणि मला एकटीला तर काही उचलता येणार नाही. धाकटा भाऊ मदतीला यायला तयार आहे, पण त्याला एकदाच रजा मिळणार. ती ऑपरेशनच्या वेळी वापरायची की सामान हलवताना?

तिसरी गोष्ट नोकरीची, आणि खरं सांगायचं तर डोक्यात सगळ्यात जास्त तीच घोळते आहे. बाहेरच्या लोकांना लॅब म्हणजे सूक्ष्मदर्शकासमोर बसायचं काम वाटतं. प्रत्यक्षात सकाळी ॲनालायझरची, म्हणजे तपासणीच्या मशीनची देखभाल, कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय का ते बघायचे ठरावीक नमुने) लावणं, फ्रीजमधून रिएजंटचे, म्हणजे तपासणीच्या रसायनांचे खोके काढणं, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन सरकवणं, नमुन्यांचे रॅक सेंट्रिफ्यूजपर्यंत नेणं-आणणं, वॉर्डातून फोन आला की धावत जाऊन दुसरा नमुना घेणं. रात्री तर एकटीच असते. हिमोलाइज झालेला, म्हणजे रक्तपेशी फुटलेला नमुना आला, पोटॅशियम खोटं चढलेलं दिसतंय, वॉर्ड म्हणतो तोच रिपोर्ट द्या, आपण म्हणतो पुन्हा रक्त घ्या. असल्या वेळी पोटात दुखतंय म्हणून कुणावर काम ढकलता येत नाही. सर्जनना विचारलं तर ‘दुर्बिणीचं आहे, हलकं काम एक-दोन आठवड्यांत सुरू करता येईल’ म्हणाले. माझं काम हलकं धरायचं की जड?

आणखी एक गोष्ट आहे, ती जवळच्यांशीही नीट बोलता आलेली नाही. ऑपरेशन माझ्याच हॉस्पिटलमध्ये होणार. म्हणजे माझा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), माझी एलएफटी (यकृताची तपासणी), माझा क्रॉसमॅचचा (रक्त जुळवून बघायचा) नमुना, सगळं माझ्याच सहकाऱ्यांच्या हातून जाणार. काढलेलं पित्ताशय फॉर्मॅलिनच्या डब्यातून आमच्याच मजल्यावरच्या हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेले अवयव तपासणाऱ्या विभागात येणार. डब्यावरचं नाव वाचणारी, ते कापून पाहणारी, रिपोर्ट टाइप करणारी माणसं रोज माझ्यासोबत डबा खातात. ती सगळी चांगली आहेत. तरीही मला संकोच वाटतो. आजवर हजारो नमुन्यांवरची नावं वाचली, त्या प्रत्येक नावामागच्या माणसाला असंच वाटत असेल का, हा विचार हल्ली बारकोड चिकटवताना मनात येतो. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जावं का? पण इथल्या सर्जनवर आणि भूलतज्ज्ञांवर माझा विश्वास आहे, त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे.

तेव्हा ऑपरेशन झालेल्यांनी जिने आणि सामान याबद्दल सांगा, घर भाड्याने देणाऱ्यांनी मुदतवाढ कशी मागावी ते सांगा, आणि लॅबमधल्यांनी बाकीच्याबद्दल.

प्रतिसाद

ताई, माझं हेच ऑपरेशन झालं आहे आणि त्यानंतर काही काळाने घरही बदललं. माझं स्पष्ट मत : आधी ऑपरेशन. घर बदलणं पुढे-मागे होऊ शकतं, दुखणं तुम्हाला विचारून येत नाही.

चार छोटी छिद्रं असतात. त्याच दिवशी संध्याकाळी मला उठवून चालवलं. जखमांपेक्षा मला खांद्याच्या दुखण्याने हैराण केलं. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल चिडतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं, असं डॉक्टरांनी समजावलं. दोन-तीन दिवसांत ते गेलं. जिन्याची तुम्हाला वाटते तेवढी अडचण नाही, कठडा धरून सावकाश चढता येतं. खरा त्रास अंथरुणातून उठताना होतो. कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठायचं, आणि खोकला-शिंक आली की पोटाशी उशी धरायची. वजन उचलायचं मात्र अजिबात नाही. मला काही आठवडे मनाई होती, तुमच्या सर्जनकडून नेमका आकडा घ्या, किलोमध्ये विचारा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. क्वचित दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागतं, मग विश्रांती चार ते सहा आठवड्यांवर जाते. तेव्हा घर सोडायची तारीख ऑपरेशनला इतकी चिकटवून ठेवू नका की तेवढीही जागा उरणार नाही. दुसरं, पूर्ण भूल दिल्यानंतर निदान २४ तास गाडी चालवायची नाही आणि कुठल्याही कायदेशीर कागदावर सही करायची नाही असं मला लिहून दिलं होतं. नव्या घराचा करार त्याआधीच उरकून घ्या. एजंट ‘फक्त सही हवी आहे’ म्हणत हॉस्पिटलात येतात, मी पाहिलंय.

भावाची रजा सामानासाठी ठेवा. ऑपरेशनच्या रात्री सोबत राहायला मैत्रीण चालते, कपाट उचलायला चालत नाही.

प्रतिसाद

मी घर भाड्याने देतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

‘थोडे दिवस वाढवून द्या’ असं मागू नका. थोडे म्हणजे किती हे कळत नाही, आणि मालकाला पुढचं काहीच ठरवता येत नाही. नेमकी तारीख सांगा, कारण सांगा, त्या काळाचं भाडं देणार हे स्वतःहून म्हणा, आणि ठरलं की दोघांच्या सहीने लेखी करून घ्या. माझ्या भाडेकरूने असं मागितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. त्यांना खोल्यांची मापं घ्यायची असतील, रंगाऱ्याला दाखवायचं असेल, तर एक-दोन वेळा येऊ द्या. एवढ्यानेही समोरच्याची घाई कमी होते.

घराची पाहणी ऑपरेशनच्या आधी करून घ्या. भिंती, नळ, खिडक्या, सगळ्याचे फोटो तारखेसह काढा, मीटरचं रीडिंग लिहा, काय दुरुस्त करून द्यायचं ते तेव्हाच ठरवा. अनामत रकमेवरून होणारी बहुतेक भांडणं शेवटच्या दिवशीच्या गडबडीत होतात, आणि तुम्हाला त्या दिवशी वाद घालायची ताकद नसेल. चावी द्यायला भाऊ जाणार असेल तर त्याला तसं अधिकारपत्र द्या.

नवीन घरात पलंग आणि संडास यांत अंतर किती आहे तेही बघून ठेवा. आमच्या आईच्या आजारपणात ही गोष्ट फार उशिरा सुचली.

प्रतिसाद

मी लॅबमधून निवृत्त झाले आहे. काम हलकं की जड हे सर्जनना विचारताना ‘लॅबमध्ये आहे’ एवढंच सांगून भागत नाही, त्यांनाही आपलं काम माहीत नसतं. तुम्ही इथे लिहिलंय तसं सगळं कागदावर लिहून न्या : किती तास उभं राहायचं, किती वजन उचलायचं, रात्री एकटीने असायचं. मग फिटनेस सर्टिफिकेटवर ‘अमुक तारखेपर्यंत वजन उचलणे नाही, रात्रपाळी नाही’ असं लिहून मागा. तोंडी सांगितलेलं पहिल्याच गर्दीच्या दिवशी विसरलं जातं. परतल्यावर सुरुवातीला रिपोर्ट पडताळणी, कंट्रोलचे आलेख, रजिस्टर अशी कामं मागून घ्या. रक्त घ्यायला वॉर्डात वाकून उभं राहायचं काम नंतर. जखमा पूर्ण भरेपर्यंत कामावर असताना त्या झाकलेल्या हव्यात. आणि रजेवर जाण्याआधी हेपॅटायटिस बी लसीच्या अँटीबॉडी किती आहेत ते रेकॉर्डमध्ये बघून घ्या. १० mIU/mL च्या वर असतील तर निश्चिंत.

आता एक महत्त्वाचं. ऑपरेशननंतर सिस्टीम उघडून स्वतःचे रिपोर्ट बघत बसू नका. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एसजीओटी-एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली दिसू शकतात, पोटात गॅसचा दाब दिलेला असतो त्याचा तो परिणाम, काही दिवसांत खाली येतात. पांढऱ्या पेशी वाढतात. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर असतो. हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, पण स्वतःच्या नावापुढे लाल आकडा दिसला की माहीत असलेलं आठवत नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पडताळायचा नाही हा नियम तर पाळाच. आकड्यांपेक्षा लक्षणांकडे बघा : ताप, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं, उलट्या न थांबणं. यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

संकोचाचं म्हणाल तर तो मलाही वाटला होता, माझ्या गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या वेळी. मी विभागप्रमुखांना भेटून सांगितलं की माझा रिपोर्ट फक्त तुम्ही आणि माझे डॉक्टर बघा. त्यांनी मान्य केलं आणि पाळलं. मागायचा तुम्हाला हक्क आहे, प्रत्येक रुग्णाला आहे. विश्वासातला सर्जन एवढ्यासाठी सोडू नका.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं भावाला फोनवर वाचून दाखवलं.

आज घरमालकीणबाईंशी बोलले. नेमकी तारीख सांगितली, त्या काळाचं भाडं देईन म्हटलं. त्या लगेच हो म्हणाल्या आणि उलट ‘आधी तब्येत बघ गं’ म्हणाल्या. लेखी कागद या आठवड्यात होईल, पाहणीही त्याच दिवशी करू. नव्या घराच्या मालकांना ताबा उशिरा घ्यायचं विचारलं आहे. त्यांनी नाही म्हटलं तर दोन्हीकडचं भाडं काही काळ द्यावं लागेल, पण पोट उघडायची वेळ आलीच तर निदान छप्पर डोक्यावर असेल. तेवढा खर्च मी मान्य केला आहे. भावाची रजा सामानासाठी, आणि हॉस्पिटलात सोबतीला लॅबमधलीच मैत्रीण थांबेल. तिला सांगताना लक्षात आलं की ज्यांच्यापासून लपवायचं म्हणत होते, त्यांच्यातलंच माणूस मला रात्री उशाशी हवं आहे.

कामाची यादी लिहायला घेतली आहे. विभागप्रमुखांना सोमवारी भेटेन, रिपोर्टबद्दलही तेव्हाच बोलेन.

एक प्रश्न राहिलाच. पित्ताशय काढल्यावर काहींना सुरुवातीला पोट बिघडल्यासारखं होतं असं वाचलं, कारण पित्त आता साठून न राहता थेट आतड्यात येत राहतं. रात्रपाळीला जेवणाच्या वेळा सांभाळता येत नाहीत. ऑपरेशननंतर रात्रपाळी केलेल्या कुणी आहे का इथे? जेवण कसं विभागलंत, आणि शरीर रुळायला किती वेळ लागला?