शेततळं गोठवणारा हिवराज भारी की गारा पाडणारी वावधान? ताकद मोजायची कशी?

तापीकाठ: यावल-रावेर भागात घडणाऱ्या चित्रकथेसाठी विचारतोय. हिवराज 3 सेकंदांत 30×30×3 मीटरचं शेततळं गोठवतो. वावधान भर मे महिन्यात निरभ्र आभाळात एक घन किलोमीटरचा ढग उभा करते आणि गारा पाडते. दोघांची झुंज लावायची आहे. दोघांचा आकडा टीएनटीत (किती स्फोटकाएवढी ऊर्जा, या मापात) काढून सरळ तुलना केली तर चालेल का?

पांझरा_हिशोब: आकडे निघतात, तुलना मात्र सरळ होत नाही.

शेततळ्याच्या बाजूंना 1:1 उतार धरला तर तळ 24×24 येतो आणि पाणी 2196 घनमीटर, म्हणजे अंदाजे 2200 टन. 30 अंशांचं पाणी शून्यावर आणायला किलोमागे 126 किलोज्यूल, त्याचा बर्फ करायला आणखी 334. एकूण 1 टेराज्यूलच्या जरा वर, म्हणजे 240 टन टीएनटी. एक टनाचा एसी (3.5 किलोवॉट) एवढी उष्णता काढायला नऊ वर्षं घेईल, यावरून 3 सेकंदांचा अर्थ लक्षात येईल.

पण तळं तळापर्यंत गोठलंय की वरच पापुद्रा आहे, ते चित्रात नीट दाखवा. 5 सेंटीमीटरचा थर म्हणजे 41 टन बर्फ, आणि आकडा थेट साडेचार टन टीएनटीवर घसरतो. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो.

आता ढग. साध्या कापशी ढगात घनमीटरला अर्धा ग्रॅम पाणी धरलं तर घन किलोमीटरला 500 टन. वाफेचं पाणी होताना किलोमागे 2.5 मेगाज्यूल सुटतात, म्हणजे जवळपास 300 टन टीएनटी. कागदावर वावधान पुढे दिसते, पण ही उष्णता वाफ स्वतः सोडते. ती वावधानने खर्च केलेली ताकद नव्हे, म्हणून तिच्या खात्यावर लावू नका. शिवाय एवढ्याशा ढगातून गारा पडत नाहीत. गारपिटीचा ढग 10-12 किलोमीटर उंच जातो. ढग मोठा काढा.

केळीचा_घड: माझ्या मते प्रश्न एकच: समोरच्याच्या अंगावर किती पोचतं? 4 सेंटीमीटरची गार 30 ग्रॅमची असते आणि सेकंदाला 27 मीटरच्या आसपास वेगाने पडते. दणका 11 ज्यूलचा. डोकं फुटेल, पण 300 टनांशी त्याचा काही संबंध नाही.

हिवराजचंही तसंच. 70 किलोचा माणूस पूर्ण गोठवायला सुमारे 23 मेगाज्यूल काढावे लागतात, साडेपाच किलो टीएनटीएवढे. आणि पूर्ण गोठवायची गरजच काय? केळीला चरका (थंडीचा फटका) बसायला कुठे बर्फ लागतो? पारा 10 अंशांखाली उतरला की झालं. माणसाच्या शरीराचं तापमान 37 वरून 28 वर आणलं की हृदयाचे ठोके बिघडू लागतात, आणि त्याला 2.2 मेगाज्यूल पुरतात. तळं गोठवतो म्हणून हिवराजची बुक्की 240 टनांची, असं लिहू नका भो. उष्णता ओढून घेणं वेगळं, धक्का देणं वेगळं.

सातपुडा_पायथा: वरच्याशी अर्धाच सहमत. जी शक्ती तळ्यातून उष्णता ओढते तीच हिवराज ढालीसाठी वापरत असेल, तर आग-विजेविरुद्ध 240 टनांचा आकडा धरायला हरकत नाही. फक्त कथेत तसं एकदा स्पष्ट दाखवलेलं हवं.

पाण्याकडे मात्र कुणीच पाहिलं नाही. मे महिन्यात 43 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर घनमीटर हवेत जेमतेम 9 ग्रॅम वाफ असते. 100 किलोचा बर्फाचा भाला करायचा तर 11,000 घनमीटर हवा कोरडी करावी लागेल. वाफेचा बर्फ करायला 280 मेगाज्यूल आणि ती हवा शून्यावर आणायला 520. म्हणजे बर्फापेक्षा हवा थंड करणंच महाग पडतं. ऑगस्टमध्ये 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेला घनमीटरमागे 23 ग्रॅम मिळतात, तेव्हा हवाही कमी लागते आणि ती थंडही कमी करावी लागते.

तापीकाठ: म्हणजे झुंज मे महिन्यातच ठेवली, पण शेततळ्याच्या बांधावर, तर?

पांझरा_हिशोब: तर हिवराज. पाणी हाताशी आहे आणि वावधानचा ढग वर चढेपर्यंत त्याला वेळ मिळतो. उघड्या वावरात मात्र त्याच्याकडे अंगाला हात लावून गारठवण्यापलीकडे फार काही उरत नाही. तिथे वावधानने लांब राहायचं.

आणि चित्रकाराला सांगा: बर्फ 9 टक्के फुगतो. काठोकाठ भरलेलं तळं पूर्ण गोठलं तर बर्फ काठाच्या वर साधारण 22 सेंटीमीटर चढलेला दिसायला हवा, आणि खालचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद कडेला फाटलेला. तेवढं काढलंत की पापुद्रा की पूर्ण, हा वाद कुणी घालणार नाही.